एकलहऱ्याची राख, पानेवाडीचे टँकर आणि माझी इलेक्ट्रिक गाडी

जेलरोडकर (धागाकर्ता) · रविवार, सकाळी ९:१०

लहानपणी कपडे वाळत घालायच्या आधी आई वारा कुठून येतोय ते बघायची. आम्ही एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत राहायचो, वडील तिथे कोल हँडलिंगला, म्हणजे कोळसा उतरवून पुढे पोचवण्याच्या कामाला, होते. वारा आमच्या बाजूला वळला की दोरीवरचा पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचा, बोट फिरवलं की रेघ उठायची. वडील पाळीवरून घरी आले की न्हाणीतलं पहिलं पाणी काळं जायचं. त्या चिमण्यांवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं, म्हणून त्यांच्याबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ उचलत नाही. पण ती राख मी श्वासातून घेतली आहे, आणि कोळशाची वीज म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

चौदा महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. जेल रोडवरून सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन साधारण ५५ किलोमीटर. आजपर्यंत १९,००० झाले. तेव्हापासून दोन वाक्यं सारखी कानावर पडतात. एक, "वा, प्रदूषण शून्य!" दुसरं, "वीज कोळशाचीच ना? धूर गाडीतून नाही निघाला, एकलहऱ्यातून निघाला." पहिलं वाक्य बोलणाऱ्यांनी एकलहरे पाहिलेलं नसतं. दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर हिशोब मांडावा लागतो. तो इथे मांडतोय, चुकलं तर दाखवा.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. माझी आधीची गाडी शहर-हायवे मिळून लिटरला १५ द्यायची. म्हणजे किलोमीटरला १५३ ग्रॅम. तेल उपसणं, जहाजाने आणणं, शुद्ध करणं, टँकरने पंपावर पोचवणं यासाठी आणखी पाचवा हिस्सा धरा. साधारण १८५ ग्रॅम झाले.

नवी गाडी डिस्प्लेवर युनिटला सात किलोमीटर दाखवते, पण मीटरवरचे आकडे लिहून ठेवले तर भिंतीतून घेतलेल्या युनिटला सहाच पडतात, उरलेलं चार्जिंगमध्ये उष्णता होऊन जातं. देशभरातल्या सगळ्या विजेची सरासरी काढली तर एका युनिटमागे ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड पडतो. सहाने भागलं की किलोमीटरला १२० ग्रॅम.

म्हणजे शून्य नाही. पण १८५ही नाही.

आता बॅटरी. ती बनवतानाच मोठा धूर झालेला असतो. बॅटरीत मावणाऱ्या एका किलोवॉट-तासामागे (म्हणजे एका युनिटमागे) ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड असा अंदाज धरतात. माझी बॅटरी ४० युनिटची. म्हणजे गाडी शोरूममधून निघाली तेव्हाच अडीच ते चार टनांचं कर्ज डोक्यावर घेऊन निघाली. किलोमीटरला ६५ ग्रॅम वाचले तर ते फिटायला ४० ते ६० हजार किलोमीटर लागतील. माझे १९ झालेत. कर्ज अजून फिटलेलं नाही, आणि हे मी गाडीवर बेहद्द खूश असूनही सांगतोय.

मग घेतली कशाला? त्याचं कारण २०२४ च्या जानेवारीतलं आहे. हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध टँकरचालकांनी काम थांबवलं आणि मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंमधून टँकर निघेनात. एक-दोन दिवसांत नाशिकच्या पंपांवर काय रांगा लागल्या आठवतंय ना? मी रात्री दहाला बिटको चौकापलीकडच्या पंपावर उभा होतो. माझ्या पुढे एक बाई, स्कूटरवर, मागे ताप आलेलं पोर चादरीत गुंडाळलेलं. पंपवाल्याने साखळी लावली तेव्हा तिच्यापुढे अजून चार गाड्या होत्या. लोकांनी तिला पुढे जाऊ दिलं, साखळी पुन्हा काढायला लावली. पण मला तिथे पहिल्यांदा लख्ख दिसलं की आपलं सगळं शहर एका रस्त्यावरून येणाऱ्या टँकरांवर टांगलेलं आहे. त्या टँकरातलं पेट्रोल ज्यापासून बनतं ते कच्चं तेल तरी कुठलं? देशाला लागणाऱ्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त समुद्रापलीकडून येतं. १९७३ मध्ये अरब देशांनी हात आखडता घेतला आणि काही महिन्यांत भाव चौपट झाले. तेव्हापासून आपण त्याच खिडकीवर रांगेत आहोत.

आणि आता मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला. वर मी धरली ती वर्षभराची, दिवसरात्रीची सरासरी आहे. प्रत्यक्षात दुपारी एक वाजता ग्रीडवर सूर्याची वीज भरपूर असते आणि रात्री अकराला ती शून्य. आपण सगळे इलेक्ट्रिकवाले गाडी रात्री लावतो. म्हणजे नेमकी कोळशाची वीज घेतो. आणि दिवसा, ऊन असताना, त्याच गाड्या सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांच्या पार्किंगमध्ये आठ ते पाच नुसत्या उभ्या असतात, शेजारी हजारो चौरस फुटांच्या पत्र्याच्या शेड तापत असतात. चार्जिंगची खरी जागा घर नाही, कामाची जागा आहे. नाशिकसारख्या कारखानदारीच्या गावात हे इतकं सरळ असताना त्यावर कुणी बोलत का नाही? सरकारी सबसिडी, कंपनीची रेंज, हायवेवरचे चार्जर, सगळ्यावर चर्चा होते. शेडमधल्या एका प्लगवर होत नाही.

---

सबस्टेशन · रविवार, सकाळी १०:४५

वीज मंडळात ३४ वर्षं काढली. हिशोब प्रामाणिक आहे, म्हणून दोन दुरुस्त्या मनापासून करतो.

पहिली. तुम्ही धरलेला ०.७ चा आकडा निर्मिती केंद्राच्या दारातला आहे. तिथून तुमच्या घरापर्यंत तारांमध्ये, ट्रान्सफॉर्मरमध्ये वीज गळते. १५ टक्के धरा. म्हणजे १२० चे १४० होतील, वाचणारे ग्रॅम ४५ वर येतील, आणि बॅटरीचं कर्ज फिटायला ५५ ते ९० हजार किलोमीटर लागतील. तुमच्या चालीने साडेतीन ते साडेपाच वर्षं. बॅटरीची वॉरंटी सहसा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, म्हणजे फिटतं. पण वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवणाऱ्याने पर्यावरणासाठी म्हणून नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये. त्याने आहे ती जुनी छोटी गाडी नीट सांभाळावी.

दुसरी, एकलहऱ्याबद्दल. आज तिथे २१० मेगावॉटचे वीजनिर्मितीचे तीन सेट आहेत, एकूण ६३०. १९७९ ते ८१ दरम्यान सुरू झालेले. (त्याआधीचे १४० चे दोन केव्हाच बंद झाले, जेलरोडकर, तुमच्या वडिलांनी ते नक्की पाहिले असतील.) एवढ्या जुन्या सेटमध्ये युनिटमागे एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. कुणी निव्वळ त्याच विजेवर गाडी चालवली तर तुमचे १४० जवळपास १९० होतात आणि पेट्रोलच्या गाडीपेक्षा काहीही वाचत नाही. टीका करणाऱ्यांचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा आहे, तो मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

दिवसाच्या चार्जिंगचं मात्र तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. दुपारी सौर वीज आली की कोळशाचे सेट बॅकडाऊन करावे लागतात, म्हणजे त्यांची निर्मिती कमी करावी लागते. पण बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नव्हे. ५५ टक्क्यांखाली नेला की ज्योत डळमळते, टिकवायला फर्नेस ऑइल जाळावं लागतं. सेट पूर्ण बंद केला आणि गार झाला तर पुन्हा पेटवून ग्रीडशी जुळवून घेईपर्यंत तासन्‌तास जातात. संध्याकाळी सातला तर तो हवाच असतो, म्हणून दुपारी गरज नसताना धुगधुगी ठेवायची. वर सतत खालीवर केल्याने बॉयलरच्या नळ्यांची गळती वाढते, हे वेगळंच. मी हे कंट्रोल रूममधल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. दुपारी मागणी वाढवणारी प्रत्येक गाडी त्या माणसाला मदत करते, आणि संध्याकाळी सात-साडेसातला प्लग लावणारी प्रत्येक गाडी त्याच्या डोक्याला ताप देते. वीज नियामक आयोगाने स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापराला युनिटमागे सवलत ठेवली ती याचसाठी.

---

द्वारका ते दादर · रविवार, दुपारी १:२०

भाऊ, हिशोब चांगला आहे पण नोकरीवाल्याचा आहे. माझी गाडी आठ ते पाच कुठंच उभी राहत नाही.

मी बारा वर्षं नाशिक-मुंबई भाडं मारतो, सध्या सीएनजीवर. पहाटे तीनला एअरपोर्टचं भाडं, नऊपर्यंत मुंबईतून परतीचं मिळालं तर दिवस निघाला. मागच्या वर्षी एका ओळखीच्याची इलेक्ट्रिक गाडी महिनाभर चालवून पाहिली. गाडी सुरेख. कसारा घाट उतरताना ब्रेकला पायच लावायला लागत नाही, आणि बॅटरीचा टक्का खाली यायच्या ऐवजी एक-दोनने वर चढतो. पॅसेंजरला मी मुद्दाम दाखवायचो. पण शहापूरच्या पुढे ज्या चार्जरवर पोचलो तो बंद, दुसऱ्यावर आधीच दोन गाड्या. पॅसेंजरचं विमान सहा चाळीसचं. मी त्या माणसाला तोंड कसं द्यायचं? तो रिव्ह्यूमध्ये माझं नाव लिहिणार, चार्जरचं नाही.

आणि टोल. इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे म्हणून लोक सांगतात. राज्याच्या धोरणात ती समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूला आहे. आमचा रोजचा घोटी आणि पडघ्याचा टोल राष्ट्रीय महामार्गाचा, तिथं पूर्ण पैसे. धंद्यातल्या माणसाने घ्यायची का नाही, याचं उत्तर या दोन गोष्टींत आहे. राखेत नाही.

---

जेलरोडकर · रविवार, दुपारी २:०५

दादा, पटलं. तुमच्यासाठी आज सीएनजीच बरोबर आहे, आणि मी ज्याला-त्याला इलेक्ट्रिक घ्या म्हणणारा नाही. फक्त सीएनजीही शेवटी जमिनीखालचाच वायू, आणि देशात लागणाऱ्या वायूतला निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो, एवढं लक्षात असू द्या.

कसारा घाटाचा हिशोब मीही केला होता. घाटमाथ्यापासून कसाऱ्यापर्यंत साधारण ३०० मीटर उतार. सोळा-सतराशे किलोच्या गाडीत तेवढ्या उतारात सव्वा ते दीड युनिट ऊर्जा असते, त्यातली अर्ध्या युनिटच्या आसपास परत बॅटरीत येते. तीन-चार किलोमीटर फुकट. पेट्रोलच्या गाडीत ती ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात जाते. अर्थात परत येताना चढावर त्याहून जास्त द्यावी लागते.

---

सबस्टेशन · रविवार, दुपारी ३:३०

कसारा घाट निघाला आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या घाटात विजेची गाडी आज आलेली नाही. जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) इगतपुरीपर्यंत विद्युतीकरण केलं ते १९३० च्या सुमारास. आणि ती वीज कुठली? ठाकुर्लीला, खाडीच्या काठी, रेल्वेने स्वतःचं चोळा पॉवर हाऊस बांधलं. कोळशावरचं! म्हणजे घाटातला धूर ठाकुर्लीला गेला, एवढंच म्हणता आलं असतं. पण पुढे काय झालं पाहा. पुढच्या काही दशकांत पॉवर हाऊस बंद पडलं, घाटातल्या तारांमध्ये दुसरीकडची वीज आली, डीसीची एसी झाली, इंजिनं बदलली. मागून ढकलणारे बँकर आजही कसाऱ्याला लागतात, तेही विजेवरचेच. तार एकदा टाकली की तिच्या दुसऱ्या टोकाला काय जोडायचं हे नंतर बदलता येतं. वाफेच्या इंजिनाला मात्र शेवटपर्यंत स्वतःच्या भट्टीत काहीतरी जाळावंच लागलं असतं.

पेट्रोलच्या गाडीचं तेच आहे. आज घेतलेली गाडी पंधरा वर्षं चालेल आणि पंधराव्या वर्षीही ती पेट्रोलच मागेल. तुमच्या भिंतीतल्या प्लगमधली वीज मात्र दरवर्षी थोडी बदलत जाते. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे, तो फरक विसरू नये. पण दिशा तीच आहे.

---

सीएनसीवाला · रविवार, संध्याकाळी ७:५०

सगळं वाचलं. आता आमचंही ऐका.

अंबडला माझं युनिट आहे. सहा मशीन, अठरा माणसं. डिझेल इंजेक्शनचे पार्ट करतो, जॉबवर्क. नाशिकला बाहेरचे लोक द्राक्षाचं आणि देवाचं गाव म्हणतात, पण सातपूर-अंबड हे डिझेलच्या नोझलवर उभं राहिलेलं आहे. मायको सर्कल हे नाव ज्या कारखान्यावरून पडलं त्याने इथल्या दोन पिढ्यांना मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, विचार करायला शिकवलं. नोझलच्या टोकाला जी भोकं असतात ती केसाच्या जाडीची. सुई आणि ती ज्यात सरकते त्या बॉडीमधली फट दोन-तीन मायक्रॉन. ते ग्राइंडिंग करणारा माझ्याकडचा माणूस आवाजावरून सांगतो की ग्राइंडिंगचं चाक घासून नीट करायला आलं. बावीस वर्षांचा हात आहे. त्याला मी उद्या काय सांगू? इलेक्ट्रिक मोटरमध्ये नोझल नसतो, पंप नसतो, पिस्टन नसतो, गिअर मोजकेच. इंजिनात जिथे शेकडो हलणारे पार्ट तिथे मोटरमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

गेल्या दोन वर्षांत माझं शेड्यूल, म्हणजे येणारं काम, निम्म्यावर आलं. ज्यांचं काम करतो त्यांनी एका मेलमध्ये कळवलं, फोनही नाही. तीन पोरांना दिवाळीनंतर येऊ नका म्हणून सांगावं लागलं. त्यातल्या एकाच्या बायकोने माझ्या बायकोला फोन केला होता, काय बोलणं झालं ते बायकोने मला अजून सांगितलेलं नाही.

कार्बनचे ग्रॅम मोजता ते मोजा, पण ही माणसंही त्याच कागदावर मोजा.

---

जेलरोडकर · रविवार, रात्री ८:३०

मोजायलाच हवीत. मी हे लिहिलं नाही ही माझी चूक. मी स्वतः ज्या घरात वाढलो ते घर उद्या कोळसा बंद झाला असता तर रस्त्यावर आलं असतं, आणि तरी मला हे सुचलं नाही.

एक विचारू का? तुमचं शेड्यूल कमी झालं ते इलेक्ट्रिकमुळे, की त्याआधीच डिझेल मागे पडत होतं?

---

सीएनसीवाला · रविवार, रात्री ९:१५

प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर सुरुवात इलेक्ट्रिकने केली नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी कारमध्ये डिझेलचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. मग पेट्रोल-डिझेलच्या भावातला फरक कमी झाला, दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०२० च्या एप्रिलला धुराचा बीएस-सहा हा कडक नियम आला आणि छोट्या डिझेल गाड्या परवडेनाशा झाल्या. देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीने तर डिझेल कारच बंद केल्या. आज पाच कारमध्ये एकही डिझेलची नसते. ट्रक, ट्रॅक्टर, जेसीबी आहेत म्हणून आम्ही तगून आहोत. इलेक्ट्रिक हा नंतरचा धक्का.

पण मग दहा वर्षं आम्हाला कुणी सावध का केलं नाही? असोसिएशनच्या मीटिंगमध्ये दरवेळी रस्ते, पाणी, घंटागाडी. "तुमचा पार्ट दहा वर्षांनी लागणार नाही, काय करणार आहात" हा विषय निघालाच नाही. आणि याच गावात स्विचगिअरचे मोठे कारखाने आहेत, शिलापूरला सीपीआरआयची (केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेची) विद्युत उपकरणं तपासणारी प्रयोगशाळा झाली. म्हणजे विजेचं काम नाशिकमध्ये आहे. ग्राइंडिंग येणारा माणूस मोटरचा शाफ्ट करू शकतो, बेअरिंगची सीट करू शकतो. हात तोच लागतो. फिक्स्चर आणि गेज नवे लागतात आणि ऑर्डर देणारा लागतो. मी दोन ठिकाणी सॅम्पल दिलेत. बघू.

---

उगावची · रविवार, रात्री ९:४०

आमच्याकडे बागेत ट्रॅक्टर आहे, ब्लोअरने फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणी या बुरशीरोगाच्या भीतीने रात्री दोनलाही ट्रॅक्टर काढावा लागतो. डिझेलचा कॅन शेडमध्ये असतो म्हणून जमतं. बॅटरीचा ट्रॅक्टर त्या रात्री अर्ध्या बागेत थांबला तर वर्षाचं पीक गेलं. त्यामुळे शेतीच्या ट्रॅक्टरबद्दल कुणी घाई करू नये, ही हात जोडून विनंती.

पण कुणी "जागतिक तापमानवाढ वगैरे थोतांड आहे" म्हटलं की मला राहवत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी निफाड तालुक्यात गारपीट झाली, ती मी अंगणात उभी राहून पाहिली. मणी भरत आलेले घड पानांसकट खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बागेत गेला आणि तासभर बाहेरच आला नाही. एका गारपिटीचं कारण अमुकच असं मी म्हणत नाही, मी काही शास्त्रज्ञ नाही. पण आजोबांच्या वहीत छाटणीच्या, पावसाच्या तारखा आहेत. त्या तारखांवर आता बाग चालत नाही.

जेलरोडकरदादांच्या दिवसाच्या मुद्द्याला शेतीतून पाठिंबा देते. आमच्या पंपाला थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी यायची. रात्री मोटर चालू करायला बिबट्याच्या भीतीने दोघांनी जायचं. आता गावाजवळ सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प झाला आणि आमच्या फीडरला (पंपांच्या वीजवाहिनीला) दिवसा वीज मिळते. पाण्याची पाळी सूर्याच्या वेळेवर आली. पंप सूर्याच्या वेळेवर आणता येतो, तर कार का नाही?

---

सिडकोवासी · रविवार, रात्री १०:२०

आगीचं काय? २०२२ च्या एप्रिलमध्ये पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या वीस इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या, आमच्या घरापासून लांब नाही. आमच्या सोसायटीने त्याचंच नाव घेऊन पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटला नकार दिला. आणि दुसरं, तेलासाठी अरबांकडे हात पसरायचा तो बॅटरीसाठी चीनकडे पसरायचा, यात मिळवलं काय?

---

सबस्टेशन · सोमवार, सकाळी ७:०५

ती घटना खरी आहे आणि भीतीही खोटी नाही. त्याच वर्षी देशात आणखीही स्कूटर पेटल्या आणि त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले. आता बऱ्याच गाड्यांत एलएफपी प्रकारची, म्हणजे लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. ती तापमान वाढलं तरी तुलनेने शांत राहते, आणि तिच्यात कोबाल्ट आणि निकेलही लागत नाही. पण माझ्या अनुभवात पार्किंगमधला खरा धोका बॅटरीपेक्षा वायरिंगचा. दहा वर्षांपूर्वीच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर, एक्स्टेन्शन बोर्ड लावून, सलग सात तास १५ अँपिअर ओढायचे. बोर्ड वितळतो, नाव गाडीचं येतं. सोसायटीने नकार देण्यापेक्षा नीट वायरिंगची अट घालावी. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मालकाला स्वतःच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, ते पत्राला जोडून द्या.

चीनबद्दल तुमची शंका योग्यच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली आणि आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली. सेल तर बहुतांश तिथूनच येतात. फरक एवढाच की तेल आज थांबलं तर परवा गाडी उभी राहते. बॅटरीची आयात थांबली तर नवी गाडी बनत नाही, पण दारातली चालत राहते. शिवाय जळलेलं तेल परत मिळत नाही, जुन्या बॅटरीतला लिथियम, तांबं, ॲल्युमिनियम परत काढता येतं. २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पाळली जाते की नाही यावर लक्ष ठेवणं मात्र आपलं काम.

---

जेलरोडकर · गुरुवार, रात्री ९:३५

चार दिवस लिहिलं नाही, कारण काम चालू होतं.

सोमवारी मालकांना हा धागा वाचून दाखवला. सबस्टेशनकाकांचा बॉयलरचा परिच्छेद आणि सीएनसीवाल्यांचा पहिला प्रतिसाद, दोन्ही. मालक स्वतः टूलरूममधून वर आलेले आहेत. दुसरा वाचताना त्यांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाले, शेडच्या दक्षिण बाजूला, सायकल स्टँडच्या शेजारी, दोन पॉइंट घे, पण पॅनेलमधून वेगळी लाइन आणि वेगळा मीटर, कुणाच्या विजेवर कोण फिरतंय हा वाद नको.

आज लाइन टाकून झाली. पॅनेलपासून ३२ मीटर, सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की लाइन तोडणारा) आणि आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा), अर्थिंगचा खड्डा नवा. वायरमनने मेगर (केबलचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून वाचन घेतलं ते पॅनेलच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय. दुपारी बारा दहाला प्लग लावला, तीन वाजून दहा मिनिटांनी काढला. सबमीटरवर ९.२ युनिट. येण्याजाण्याचं पुरेपूर निघालं. शेडवर पॅनेल बसवायला मालक अजून तयार नाहीत, पत्रा जुना आहे, भार झेपेल का ते आधी तपासू म्हणाले. दुसरा पॉइंट स्टोअरमधल्या ताई वापरणार आहेत, त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर आहे आणि त्यांच्या सोसायटीनेही नकार दिलेला आहे.

सीएनसीवाले, मालकांनी तुमचा नंबर मागितलाय. आमच्याकडे एका मोटरवाल्याचं शाफ्टचं काम येऊ घातलंय, ग्राइंडिंग बाहेर द्यायचं आहे. बेअरिंग सीटला सहा मायक्रॉन टॉलरन्स, म्हणजे मापात तेवढीच सूट. निरोपात पाठवा.

---

सीएनसीवाला · गुरुवार, रात्री १०:०२

पाठवला. ड्रॉइंग असेल तर तेही द्या. सहा मायक्रॉन होईल, रनआउट (फिरताना शाफ्ट किती डगमगलेला चालेल) किती मागितलाय ते सांगा. शनिवारी माझा ग्राइंडिंगचा माणूस घेऊनच सिन्नरला येतो, मटेरियल त्याने हातात घेऊन बघितलेलं बरं.

---

उगावची · गुरुवार, रात्री १०:१५

दादा, ती केबल आणि आरसीसीबीची यादी इथे टाकाल का? आमच्या पॅकहाऊसवर पत्रा नवा आहे आणि द्राक्षाच्या हंगामात तिथे दिवसभर पिकअप उभ्या असतात. भावाला दाखवायची आहे.